रिपोर्टातला पांढरा ठिपका

अगं, आधी तो मोबाइल पालथा घाल. मध्यरात्री रिपोर्टातली ओळ न् ओळ मला टाइप करून पाठवतेस आणि प्रत्येक ओळीखाली गूगलवरची एक नवी भीती जोडतेस. असं चाललं तर पुढचे आठ दिवस तू झोपणार नाहीस आणि मलाही झोपू देणार नाहीस. छोटी निजली आहे ना? मग चहा ठेव आणि बस जरा माझ्याशी बोलत.

पहिल्यांदा एक सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. मी एमआरआयचं मशीन चालवते, काचेच्या अलीकडे बसून. फिल्म वाचायची ती रेडिऑलॉजिस्टनं, आणि त्या वाचनावरून तुझ्या लेकीचं पुढे काय करायचं ते ठरवायचं मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टनं. मी आपली मधली. पण ते चित्र बनतं कसं हे मला ठाऊक आहे, आणि ते हातात पडल्यावर आईबाप नेमके कुठल्या शब्दापाशी कोसळतात तेही मी रोज बघते.

तुझ्या रिपोर्टात तो शब्द आहे ‘हिप्पोकॅम्पस’, म्हणजे मेंदूच्या आतला एक लहानसा भाग. डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये सिग्नल वाढलेला, डिफ्यूजनवर सौम्य बदल, झटक्यानंतरचे बदल असण्याची शक्यता, ‘क्लिनिकल कोरिलेशन’ करावं. या शेवटच्या दोन शब्दांना तू उगाच घाबरलीस. ते आम्ही जवळजवळ प्रत्येक रिपोर्टखाली बघतो. त्यांचा अर्थ एवढाच, की मी फक्त चित्र पाहिलंय, बाळ पाहिलेलं नाही. ज्यानं बाळ पाहिलंय त्यानं दोन्ही एकत्र ठेवून बोलावं.

आता त्या ‘डिफ्यूजन’चं सांगते. ते कळलं की निम्मी भीती कमी होईल.

मेंदूत पाणीच पाणी आहे आणि ते स्वस्थ बसत नाही. उबेमुळे पाण्याचा प्रत्येक कण सतत इकडून तिकडे ढकलला जात असतो. 1905 मध्ये आइन्स्टाइननं या भटकण्याचं गणित मांडलं. ते गणित जिवंत माणसाच्या मेंदूच्या चित्रात उतरवलं 1980 च्या दशकाच्या मध्यात, पॅरिसमध्ये डेनिस ल बियाँ नावाच्या डॉक्टरनं. छोटी आत होती तेव्हा तुला बाहेर जो टक टक घर्र घर्र आवाज येत होता ना, तो मशीनच्या ग्रेडियंटचा, म्हणजे चुंबकी क्षेत्र कमी-जास्त करणाऱ्या वेटोळ्यांचा. ग्रेडियंट आधी पाण्याच्या कणांवर एक चुंबकी खूण करतो, काही मिलिसेकंद थांबतो आणि मग तीच खूण उलटी देऊन पुसतो. जो कण जागचा हलला नाही त्याची खूण बरोब्बर पुसली जाते आणि त्याचा सिग्नल शाबूत राहतो. जो भटकला त्याचा सिग्नल विस्कटतो. म्हणून या चित्रात पाणी मोकळं फिरतं ती जागा काळपट येते आणि जिथे अडकलं ती पांढरी. 50 मिलिसेकंदांत पाण्याचा कण मेंदूत एका दिशेनं जेमतेम 10 मायक्रॉन सरकतो, केसाच्या जाडीच्याही कितीतरी आत. पण पेशीही साधारण त्याच मापाच्या. म्हणून पेशींच्या भिंती त्याला लागतात, आणि भिंतींची जागा बदलली की त्याचं भटकणंही बदलतं.

ज्येष्ठात माउलींची पालखी दिघी-कळसवरून विश्रांतवाडीत येते, तेव्हा तू आळंदी रोडवर किती चालू शकतेस? एरवी फुलेनगरपर्यंत सहज जाशील. त्या दिवशी चौक ओलांडायलाच अर्धा तास लागतो. रस्ता तेवढाच असतो, तूही तीच असतेस, मधली जागा तेवढी संपलेली असते. पेशी फुगल्या की त्यांच्यामधल्या फटी अशाच अरुंद होतात आणि पाणी जागच्या जागी अडकतं.

छोटीला तापात आली तशी फीट लांबली की पेशी का फुगतात? फीट म्हणजे मेंदूच्या पेशी एकदम, एका तालात आणि न थांबता विजेचे संदेश सोडत सुटतात. प्रत्येक संदेशाबरोबर सोडियम आत येतं आणि ते परत बाहेर फेकायला पंप लागतो. तो पंप चालतो ग्लुकोज आणि प्राणवायूवर. दोन-तीन मिनिटांची फीट असेल तर शरीर निभावून नेतं. रक्ताचा पुरवठा उलट वाढवतं. पण ती अर्धा तास, पाऊण तास चालली तर कितीही रक्त आलं तरी पुरत नाही. पंप मागे पडतो, सोडियम आत साठतं, त्याच्यामागे पाणी शिरतं, आणि पेशी टम्म. हीच गोष्ट पक्षाघातातही घडते, पण तिथे रक्त बंद पडल्यामुळे. म्हणून नुसतं डिफ्यूजनचं पांढरं बघून कुणी काही बोलत नाही. पक्षाघाताचा डाग एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसतो. लांबलेल्या फीटचा डाग त्या हद्दी पाळत नाही. तो मेंदूच्या सालीवरून पट्ट्यासारखा जातो, हिप्पोकॅम्पसमध्ये दिसतो, थॅलॅमसच्या मागच्या टोकाला दिसतो, कधी कधी तर विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूतही.

यात एक मेख आहे, आणि तुझ्या छोटीसाठी तीच महत्त्वाची. डिफ्यूजनच्या चित्रावर पांढरं दिसलं म्हणजे पाणी अडकलंच असं नाही. पेशींच्या बाहेर, रक्तवाहिन्यांतून झिरपून पाणी साचलं असेल तरी ती जागा उजळ येऊ शकते. म्हणून मशीन सोबत एक दुसरा नकाशा काढतं, त्याला आम्ही एडीसी म्हणतो. तिथे अडकलेलं पाणी काळं येतं आणि मोकळं साचलेलं पाणी उजळ. पेशीच्या आतली सूज जास्त काळजीची. बाहेरची सूज ओसरण्याची शक्यता जास्त. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हे: ‘एडीसीवर काय दिसतंय?’ ‘मेंदूला सूज आहे का हो?’ असं विचारलंस तर ‘हो’ एवढंच उत्तर येईल, आणि त्यातून तुझ्या हाती काही लागणार नाही.

तापातली फीट लांबली तर मुलांच्या मेंदूचं काय होतं, यावर सगळ्यात चिकाटीनं काम केलं ते लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाशी जोडलेल्या गटानं. रॉड स्कॉट आणि त्यांचे सहकारी. फीट थांबल्यावर दोन दिवसांच्या आत ज्या मुलांचा एमआरआय झाला, त्यांचा हिप्पोकॅम्पस त्यांना फुगलेला दिसला. ज्यांची तपासणी आणखी काही दिवसांनी झाली त्यांच्यात ती सूज ओसरत आलेली दिसली. पुढे त्यांनी डिफ्यूजनही वापरून पाहिलं, आणि मुलांमधली ही सूज बरीचशी पेशीबाहेरच्या पाण्याची असावी असं त्यांना आढळलं. 2013 मध्ये याच गटाचं आणखी एक काम आलं. त्यात त्यांनी मेंदूचे पांढरे धागे तपासले, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात संदेश नेणाऱ्या दोऱ्यांचे जुडगे. पाणी या धाग्यांच्या लांबीच्या दिशेनं सहज सरकतं, आडवं सरकायला त्याला जड जातं. डिफ्यूजननं वेगवेगळ्या दिशांना मोजलं की धागे किती शिस्तीत आहेत ते कळतं. लांबलेल्या तापाच्या फीटनंतर सुरुवातीच्या महिन्यांत ही शिस्त मेंदूभर थोडी ढिली झालेली दिसली, अगदी जिथे साध्या एमआरआयवर काहीच नव्हतं तिथेसुद्धा. वर्ष झाल्यावर इतर मुलांशी तुलना केली तर तो फरक उरला नव्हता.

हे वाक्य पुन्हा वाच हवं तर. वर्षभरानं फरक उरला नव्हता.

पण मी तुला फक्त गोड तेवढंच सांगणार नाही. तू मला ओळखतेस. अमेरिकेत ‘फेबस्टॅट’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला, न्यूयॉर्कच्या श्लोमो शिनार यांच्या पुढाकारानं. तापाबरोबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त फीट चाललेली 199 मुलं त्यांनी घेतली आणि काही दिवसांतच त्यांचे एमआरआय काढले. ज्यांच्या फिल्म वाचता आल्या त्यांतल्या 22 मुलांत, म्हणजे साडेअकरा टक्क्यांत, हिप्पोकॅम्पसमध्ये तुझ्या रिपोर्टासारखा वाढलेला सिग्नल होता, काहींत ठळक तर काहींत शंकास्पद. साध्या तापाच्या फीटच्या मुलांत तो एकातही नव्हता. त्या 22 पैकी 14 जणांचा वर्षभरानं पुन्हा एमआरआय झाला आणि त्यांतल्या 10 जणांचा हिप्पोकॅम्पस आकसलेला निघाला. ज्यांचा पहिला एमआरआय स्वच्छ होता त्यांच्यात मात्र असं जवळजवळ कुणाचंच झालं नाही.

म्हणजे ठिपका दिसला की लक्ष ठेवावं लागतं. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. आकसलेला हिप्पोकॅम्पस पुढे कधी तरी, पाच वर्षांनी किंवा पंधरा वर्षांनी, टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाकडच्या मेंदूच्या, फीटचं घर होऊ शकतो. ‘होऊ शकतो’ म्हणतेय हं, होतोच असं नाही. आणि झालाच, तरी ते आता बिनइलाजाचं राहिलेलं नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत 1995 पासून अशा फीटवर शस्त्रक्रिया होतात, मुंबईतही होतात. पण आजच्या घडीला तुझी छोटी त्यातल्या कुठल्याच पायरीवर नाही. ती आज फक्त ‘सिग्नल दिसला, परत बघू’ या पायरीवर आहे.

आता मला मनापासून बोलायचंय ते मिनिटांबद्दल. रिपोर्टावर तू इतकं बोललीस, पण फीट किती वेळ चालली हे मी विचारलं तर तू म्हणालीस दहा मिनिटं, तुझा नवरा म्हणाला वीस, आणि सासूबाई म्हणाल्या तासभर. घड्याळ कुणीच पाहिलं नव्हतं. मी दोष देत नाही. बाळ निळं पडत असताना घड्याळाकडे बघवत नाही, हे मलाही समजतं. पण पुढच्या वेळी एकानं बाळ धरायचं आणि दुसऱ्यानं फोनवर वेळ लावायची. तिसरा कुणी असेल तर त्यानं व्हिडिओ काढायचा. डॉक्टरांना तुझ्या दहा वाक्यांपेक्षा तीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो.

याला कारण आहे. 2015 मध्ये जागतिक अपस्मार संघटनेनं दोन वेळा ठरवल्या. सगळं अंग झटकत असलेली फीट पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर ती आपणहून थांबणार नाही असं धरून उपचार सुरू करायचे. अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सुरू होतो असं मानायचं. पहिली रेघ आपल्यासाठी, घरच्यांसाठी. दुसऱ्या रेघेपर्यंत जायचंच नाही. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. लंडनमध्ये ब्रायन मेल्ड्रम यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बबून माकडांवर काम केलं, तेव्हा तास-दीड तास किंवा त्याहून लांबलेल्या फीटनंतर पेशी मेलेल्या सापडल्या होत्या. पाच मिनिटांच्या रेघेमागे आणखी एक कारण आहे, ते मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर मी घाबरले. फीट थांबवणारी जी औषधं आहेत, मिडॅझोलाम, लोराझेपाम वगैरे, ती पेशीच्या पृष्ठभागावरच्या ‘गाबा’ नावाच्या जागांवर बसून मेंदू शांत करतात. फीट लांबत गेली की पेशी त्याच जागा आत ओढून घेते. म्हणजे जितका उशीर, तितकं तेच औषध कमी चालतं. सुरुवातीला एका डोसमध्ये थांबली असती ती फीट पाऊण तासानं कधी कधी तिसऱ्या औषधालाही दाद देत नाही. अमेरिकेत 2019 मध्ये तीन दुसऱ्या फळीच्या औषधांची तुलना झाली, तेव्हा तिन्हींपैकी कुठलंही दिलं तरी साधारण निम्म्याच रुग्णांची फीट थांबली. फेबस्टॅटच्या मुलांतसुद्धा फीट सुरू झाल्यापासून पहिलं औषध मिळायला निम्म्या मुलांना अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागला होता, आणि तिथे अॅम्ब्युलन्स वेळेवर येते बरं का.

म्हणून मी म्हणते, तो ठिपका म्हणजे गेलेल्या मिनिटांची नोंद आहे. तू त्या नोंदीवर रात्र रात्र काढतेयस, आणि पुढची मिनिटं कशी वाचवायची याचा घरात कुणी विचार केलेला नाही.

मिडॅझोलामचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि किती फवारे मारायचे हे बाळाच्या वजनावर ठरतं, त्यामुळे ते मी सांगणार नाही आणि तूही शेजारणीला विचारू नकोस. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घे: किती, कुठल्या नाकपुडीत, आणि पहिल्यानं थांबली नाही तर पुढे काय. वजन वाढेल तसा डोस बदलतो, तेव्हा दर भेटीला विचार. एक बाटली घरी, आणि तू कामावर जाताना छोटी जिथे राहते तिथे एक. एक्स्पायरीची तारीख कॅलेंडरवर लिही. पाच मिनिटं झाली की स्प्रे आणि लगेच 108. स्प्रेनं फीट थांबली तरी श्वासाकडे लक्ष ठेवायचं आणि बाळाला डॉक्टरांकडे न्यायचंच.

तोवर काय करायचं? कुशीवर वळव, मान मोकळी, तोंडातली लाळ बाहेर येऊ दे. तोंडात काहीही नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषधाचं सिरप तर मुळीच नाही. आणि हो, कांदा आणि चप्पल. सासूबाईंनी चप्पल हुंगवली म्हणून तू त्यांच्याशी भांडलीस असं ऐकलं. भांडू नकोस. त्यांच्या आईनं त्यांच्यासमोर हेच केलं असेल, आणि बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे दर वेळी चपलेला यश मिळालेलं आहे. त्यांना घड्याळाचं काम दे. ‘आई, तुम्ही फक्त मिनिटं मोठ्यानं मोजा,’ असं सांग. हातात काम मिळालं की माणूस उपयोगाचा होतो, आणि चप्पल पायात राहते.

आणखी एक बारीक गोष्ट. झटके थांबले म्हणजे फीट थांबली असं नाही. डोळे एका बाजूला खिळलेले असतील, ओठ किंवा एक बोट बारीक थरथरत असेल, बाळ हाकेला अजिबात हलत नसेल, तर आतून ती चालू असू शकते. लांबलेल्या तापाच्या फीटमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त निसटते, मोठ्या रुग्णालयांतसुद्धा.

रस्त्याचंही ठरवून ठेव. टिंगरेनगरमधून चौकात येऊन आळंदी रोड धरायचा हा तुझ्या नवऱ्याचा हट्ट संध्याकाळी सहा वाजता चालणार नाही. आतून 509 चौकाकडे निघून विमानतळ रस्त्यानं येरवड्याकडे यायचं, हे एकदा रविवारी गाडी चालवून बघा. आणि पालखीच्या दिवशी आळंदी रोड बंदच असतो हे आधीच धरून चाला. रात्री-अपरात्री मुलांचा डॉक्टर हजर असेल असं जवळचं रुग्णालय कुठलं, ते फोन करून विचारून ठेव. नावाचं मोठं असून उपयोग नाही, तिथे त्या वेळी माणूस हवा.

पाठीतलं पाणी काढू द्यायला तू आधी नको म्हणालीस, मग हो म्हणालीस. बरं केलंस. ‘पाठीत सुई टोचली की पांगळेपण येतं’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं आणि ते खरं नाही. ताप आणि लांबलेली फीट एकत्र आली की मेंदूज्वर आहे का हे बघावंच लागतं, आणि त्यासाठी ते पाणी तपासण्याला पर्याय नाही. एमआरआयही त्याची जागा घेऊ शकत नाही. छोटीचं पाणी स्वच्छ निघालं, ही या सगळ्यातली सगळ्यात मोठी बातमी आहे, आणि ती तू मला चौथ्या मेसेजमध्ये सांगितलीस!

पुढच्या एमआरआयबद्दल. तू म्हणतेस, दर महिन्याला करूया, मनाला बरं वाटेल. नको. मनाला बरं वाटावं म्हणून एमआरआय करत नाहीत. त्यात क्ष-किरण नसतात हे खरं, पण दीड वर्षाचं मूल त्या बोगद्यात जागेपणी निश्चल राहत नाही. दर वेळी उपाशी ठेवून झोपेचं औषध द्यावं लागतं. परत करायचा तर त्यामागे प्रश्न हवा: हिप्पोकॅम्पस आकसला का? त्याचं उत्तर महिन्याभरात मिळत नाही. डॉक्टर बहुधा काही महिन्यांनी किंवा वर्षभरानं सांगतील. तेव्हा ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’नं कराल का असं विचार. नेहमीच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस तिरका कापला जातो आणि बारीक फरक निसटतो. अपस्मारासाठी 2019 मध्ये ठरलेल्या पद्धतीत हिप्पोकॅम्पसला काटकोनात पातळ काप घेतात. शक्य असेल तर त्याच मशीनवर कर, म्हणजे तुलना सोपी जाते. डिफ्यूजनचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त. वर्षानंतर आकार आणि रचना महत्त्वाची. आणि पुढच्या वेळी येताना छोटीचे पैंजण, बिंदल्या, कमरेची साखळी आणि तो तांब्याचा ताईत घरीच काढून ये. तू सोबत आत जाणार असशील तर मंगळसूत्रही. दृष्ट लागू नये म्हणून दुपट्याला टोचलेली पिन तर आमच्या डोक्याला कायमचा ताप.

पुन्हा ताप आला की पॅरासिटामॉल दे, बाळाला बरं वाटावं म्हणून. त्यानं फीट टळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, त्यामुळे ती आलीच तर ‘मी औषध अर्धा तास उशिरा दिलं’ असं स्वतःला कोसत बसू नकोस. तापात एकदा फीट आलेल्या मुलांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला ती पुन्हा येते. बहुतेकांची पाच-सहा वर्षांपर्यंत थांबते.

सासूबाई म्हणाल्या ना, ‘बाहेर कुणाला बोलू नका, मुलीची जात आहे’? दीड वर्षाच्या मुलीच्या लग्नाची काळजी! हसू नकोस, त्यांच्या काळात कायदाच तसा होता. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्नाला आड येणारं कारण म्हणून लिहिलेलं होतं. ते 1999 मध्ये काढून टाकलं. तापात एकदा आलेली फीट म्हणजे अपस्मार नव्हे, हे वेगळंच. पण समजा पुढे झालाच, तरी लपवायचं कशाला? आळंदी रोडनं जाताना मोहनवाडीत मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची पाटी तू रोज बघतेस. ते उभं करणाऱ्या डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांची मुलगी यशोदा वाकणकर. त्यांनी स्वतः अनेक वर्षं अपस्मार सोसला, त्याबद्दल उघडपणे बोलल्या आणि पुण्यात ‘संवेदना’ हा अपस्मार असणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आधारगट सुरू केला. तुला आज त्याची गरज नाही. पण सासूबाईंना एखाद्या दिवशी यशोदाताईंबद्दल नुसतं सांग. माझ्या शंभर वाक्यांनी होणार नाही ते एका खऱ्या बाईच्या गोष्टीनं होतं.

बुधवारी न्यूरॉलॉजिस्टकडे जाशील तेव्हा नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नकोस. आमच्यासारख्या कुठल्याही सेंटरमधून मिळणारी सीडी ने, कारण एडीसीचा नकाशा फिल्मवर नीट कळत नाही, त्यांना स्क्रीनवर बघू दे. एका कागदावर लिहून ने: ताप कधी सुरू झाला, फीट साधारण कधी सुरू झाली असं तिघांच्या मते, पहिलं औषध किती वाजता दिलं (हे डिस्चार्ज कार्डवर असेल), कुठली बाजू आधी हलली, थांबल्यावर एखादा हात लुळा होता का. प्रश्नही लिहून ने, कारण आत गेल्यावर तू सगळं विसरतेस, लहानपणापासून. आणि ते कितीही घाईत असले, बाहेर कितीही रांग असली, तरी स्प्रेची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठू नकोस.